फाडफाड ‘येस सर’ शिकवणाऱ्या सरांना अनावृत पत्र

इंग्रजी संभाषण वर्गाचे संचालक यांस,

सर,

दिल्ली गेटपासून सावेडीपर्यंत आणि संगमनेरपासून जामखेडपर्यंत तुमच्या पाट्या लागलेल्या आहेत. क्लासचं नाव बदलतं, मजकूर तोच: तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी, शंभर टक्के आत्मविश्वास, इंटरव्ह्यूची हमखास तयारी. म्हणून हे पत्र कुणा एकाच्या नावाने लिहीत नाही. ज्याला लागू पडेल त्याने ते आपलं समजावं.

मी याच नगर जिल्ह्यात इंग्रजी शिकवतो. तुमच्याकडे फी भरून आलेली मुलं पुढे माझ्यासमोर बसतात. त्यामुळे तुम्ही काय शिकवता हे मला ठाऊक आहे, आणि काय शिकवत नाही हेही. माझा आरोप एकच आहे. तुम्ही आमच्या मुलांना इंग्रजीत होकार द्यायला शिकवलंत, नकार द्यायला शिकवलंच नाही. होकार आणि नकार यांच्यामध्ये माणूस जिथे थांबतो, घुटमळतो, ‘जरा विचार करून सांगतो’ म्हणतो, ती जागा तर तुमच्या नोट्समध्ये औषधालाही सापडत नाही. अर्धी भाषा शिकवून तुम्ही पूर्ण फी घेतलीत.

पुरावा देतो. आमच्याकडे मुलाखतींचा सराव घेतला जातो. पाथर्डी तालुक्यातला, डिप्लोमा झालेला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, तुमच्याकडून पाठ केलेली ओळख तोंडावर. मी इंग्रजीत विचारायला सुरुवात केली. शिफ्टमध्ये काम कराल? ‘येस सर.’ ओव्हरटाइम? ‘येस सर.’ सुप्याच्या प्लांटऐवजी चाकणला पाठवलं तर? ‘येस सर.’ दोन वर्षांचा बाँड आहे आणि मूळ सर्टिफिकेटं आमच्याकडे जमा करावी लागतील. ‘येस सर.’ मग मी मुद्दाम विचारलं, पहिले तीन महिने पगार मिळणार नाही, चालेल? तो क्षणभरही थांबला नाही. ‘येस सर, नो प्रॉब्लेम सर.’

मी पेन खाली ठेवलं आणि मराठीत विचारलं, “अरे, तीन महिने फुकट राबशील?”

“नाही सर! कसं परवडंल? खोलीचं भाडं, मेसचे पैसे, घरी आईचं औषधपाणी. फुकट कोण करतंय?”

“मग इंग्रजीत हे का नाही बोललास?”

“तिकडं नाही म्हणायचं नसतं सर. क्लासमध्ये सांगितलंय, कायपण विचारलं तरी पॉझिटिव्ह बोलायचं.”

मुलगा खोटं बोलत नव्हता आणि मूर्खही नव्हता. आपल्याला काय परवडतं याचा हिशोब त्याच्या डोक्यात चोख होता. मराठीत तो हिशोब त्याने एका दमात मांडला. इंग्रजीत मात्र तो हिशोब मांडायला त्याच्याकडे एक वाक्य नव्हतं. ते वाक्य देणं तुमचं काम होतं. तुम्ही त्याला काही दिलं नाहीच, उलट त्याच्याजवळ जे उपजत होतं तेही ‘निगेटिव्ह’ म्हणून काढून घेतलंत.

आमच्या माणसांना नकार देता येत नाही, असं तुम्ही पालकांना सांगत असाल तर तेही धादांत चूक आहे. सोयरीक नको असेल तर मुलीकडचे समोरच्याचा अपमान करतात का? “पत्रिका जुळत नाही हो,” म्हणतात, किंवा “पोरीचं शिक्षण चाललंय अजून, औंदा काय विचार नाही.” दोन्हीकडच्या मंडळींना कळायचं ते कळतं आणि चहा घेऊन पाहुणे सन्मानाने उठतात. उसने पैसे मागायला आलेल्या भावकीतल्या माणसाला “कांद्याचे पैसे आले की बघू” असं सांगितलं जातं. “जरा अवघड दिसतंय”, “घरी विचारून सांगतो”, “जमेल असं वाटत नाही”, “जीवावर आलंय बघ”, “मन धजत नाही”: कुरकुरीपासून ठाम नकारापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या आपल्या भाषेत आहेत आणि शेवगावच्या बाजारात बसणारी अडाणी म्हातारीसुद्धा त्या अचूक वापरते. त्याच म्हातारीचा नातू तुमच्या वर्गात आला आणि मुका झाला. याची जबाबदारी तुमची आहे.

आता मुद्द्याच्या बारकाव्यात शिरू, कारण त्यात तुम्ही कधीच शिरला नाहीत.

पहिली अडचण नकारार्थी प्रश्नाची. मराठीत कुणी विचारलं, “तुला रात्रपाळी नको ना?” आणि ती खरंच नको असेल, तर आपण म्हणतो, “हो, नको.” आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतो: तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. इंग्रजीत असं चालत नाही. तिथे ‘येस’ आणि ‘नो’ हे प्रत्यक्ष गोष्टीला लागू होतात, प्रश्नाच्या मांडणीला नाही. ‘यू डोन्ट वॉन्ट नाइट शिफ्ट?’ या प्रश्नाला नको असणाऱ्याचं उत्तर ‘नो, आय डोन्ट’ असं असतं. आपला मुलगा मराठी रीतीने ‘येस सर’ म्हणतो, त्याच्या मनात असतं ‘बरोबर, नको’, आणि पलीकडचा माणूस रात्रपाळीच्या यादीत त्याचं नाव चढवतो. एका अक्षराचीही चूक न करता मुलगा फसतो.

दुसरी अडचण याहून बेरकी आहे. ‘वुड यू माइंड वर्किंग ऑन संडेज?’ असा नम्र प्रश्न येतो. या प्रश्नाला ‘येस’ म्हणजे ‘माझी हरकत आहे’ आणि ‘नो’ म्हणजे ‘खुशाल काम द्या’. तुमच्या विद्यार्थ्याला प्रत्येक प्रश्नाला ‘येस सर’ म्हणण्याची सवय तुम्ही लावलेली. तो ‘येस सर’ म्हणतो, हसतो, मान डोलावतो. शब्दाने त्याने नकार दिला, चेहऱ्याने होकार दिला, आणि मुलाखत घेणारा सोयीचं तेवढं उचलतो. हा एक प्रकार समजावून सांगायला फळा, खडू आणि पंधरा मिनिटं पुरतात. तुमच्या तीस दिवसांत ही पंधरा मिनिटं बसली नाहीत.

तिसरी अडचण सगळ्यात महाग पडते. “बघतो साहेब”, “प्रयत्न करतो” हे आपल्याकडे बहुतेक वेळा सौम्य नकार असतात. ऐकणाराही ते तसंच घेतो आणि दुसरा माणूस शोधतो. आपला मुलगा तेच इंग्रजीत नेतो: ‘आय विल ट्राय सर.’ परप्रांतातल्या किंवा परदेशातल्या वरिष्ठाला त्यात नकार ऐकूच येत नाही. तो वहीत लिहून घेतो की शुक्रवारपर्यंत काम होणार. शुक्रवारी काम झालेलं नसतं. मग शेरा पडतो: शब्दाला जागत नाही. मुलाला कळत नाही की आपण कधी शब्द दिला होता. आपल्या सुपे एमआयडीसीत तर जपानी उद्योगांसाठी वेगळा भाग राखून ठेवलेला आहे. तिथल्या मुलाला जपानी, तमिळ, हिंदी अशा मुखांमधून आलेलं इंग्रजी ऐकून त्याच भाषेत उत्तर द्यावं लागतं. अशा ठिकाणी गुळमुळीत ‘ट्राय’ चालत नाही.

आणि या सगळ्याच्या उलटही घडतं. कधी अगदीच असह्य झालं की हाच मुलगा ‘नको’चं सरळ भाषांतर करतो: ‘आय डोन्ट वॉन्ट.’ त्याच्या मनात उद्धटपणा नसतो, पण इंग्रजी कानाला ते वाक्य दार आपटल्यासारखं लागतं. म्हणजे तुमच्या शिष्यासमोर दोनच रस्ते उरतात: निमूट मान तुकवायची, नाहीतर तोडून बोलायचं. ऊस भरलेली ट्रॉली ब्रेकविना घाटात सोडावी तशी तुम्ही ही मुलं सोडली आहेत.

इंग्रजीत मधले रस्ते नाहीत म्हणून तुम्ही शिकवले नाहीत, असं म्हणायची सोय नाही. भरपूर आहेत. ‘आय अ‍ॅम नॉट शुअर आय कॅन’ म्हटलं की मनातली शंका उघड होते आणि दार बंद होत नाही. ‘कुड आय गेट बॅक टू यू टुमारो?’ म्हटलं की रात्रभराचा वेळ मिळतो, घरी विचारता येतं. ‘आय अ‍ॅम इन टू माइंड्स अबाउट इट’ म्हणजे माझं मन दोन्हीकडे ओढतंय. ‘आय वुड रादर नॉट’ म्हणजे माझी इच्छा नाही, पण आवाज चढवत नाही. ‘आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट’ यात भीतीचा लवलेश नाही, आपल्या “माफ करा, पण जमणार नाही” याचाच तो सख्खा भाऊ. ‘आय अ‍ॅम नॉट विलिंग टू साइन धिस’ हे सरळ, कोरडं, लेखी द्यावं असं वाक्य. आणि सर्वांत शेवटी एकाक्षरी ‘नो’, ज्यानंतर स्पष्टीकरण द्यायचं बंधन कुणावर नाही.

यात आणखी एक बारीक भेद आहे, तोही तुमच्या नोट्समध्ये नाही. ‘आय कान्ट’ म्हटलं की समोरचा अडचण दूर करायला निघतो. गाडी नाही म्हणून रात्री येता येत नाही, असं सांगितलं तर कंपनी गाडी पाठवते, मग कारण संपलं आणि माणूस अडकला. ज्याची खरी अडचण गाडीची आहे त्याने ‘कान्ट’ म्हणावं. ज्याला मुळात यायचंच नाही त्याने ‘आय वुड प्रिफर नॉट टू’ या जातीचं वाक्य वापरावं. हर्मन मेलव्हिलने 1853 साली वॉल स्ट्रीटवरच्या वकिली कचेरीतल्या बार्टलबी नावाच्या कारकुनाची गोष्ट लिहिली. तो कारकून मालकाला शिवी देत नाही, कारणही देत नाही; अतिशय सभ्य शब्दांत काम करायला नाखुशी दाखवतो, आणि अख्खी कचेरी त्याच्या त्या सभ्यतेपुढे हतबल होते. ज्या भाषेतल्या एका गाजलेल्या कथेचा कणाच सभ्य नकार आहे, त्या भाषेचा क्लास तुम्ही नकार वगळून चालवता.

शिकवण्याची पद्धत उपलब्ध नव्हती, हेही खरं नाही. युरोप परिषदेसाठी यान फान एक यांनी 1975 साली ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ हा आराखडा तयार केला. परक्या देशात जगता यावं म्हणून माणसाला भाषेत कोणकोणती कामं करता आली पाहिजेत, याची ती यादी होती. माहिती विचारणं, सहमती दाखवणं, तशीच असहमती दाखवणं आणि देऊ केलेली गोष्ट नाकारणं ही कामंही त्या यादीत आहेत. जगभरची इंग्रजीची पाठ्यपुस्तकं त्यानंतर बदलली. आपल्या राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. मुलगा तुमच्याकडे येतो तेव्हा त्याने दहा-बारा वर्षं इंग्रजीचे तास काढलेले असतात. तुम्ही त्याला पुन्हा तेच बारा काळ घोकायला लावता, ‘मायसेल्फ’ने सुरू होणारी ओळख पाठ करून घेता आणि प्रमाणपत्राचं लॅमिनेशन करून देता.

सर, तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? गोष्ट केवढी आहे ते सांगतो.

25 जानेवारी 1990 च्या रात्री कोलंबियाहून निघालेलं आव्हियांका कंपनीचं विमान न्यूयॉर्कला उतरण्यासाठी घिरट्या घालत होतं. हवामान खराब, उतरायला परवानगी नाही, इंधन संपत आलेलं. वैमानिकांची मातृभाषा स्पॅनिश, नियंत्रण कक्षाशी बोलणं इंग्रजीत. इंधन कमी आहे, प्राधान्य द्या, इतपत त्यांनी सांगितलं. ‘इमर्जन्सी’ हा एक शब्द मात्र उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर नियंत्रकाने त्यांना पुन्हा लांबचा फेरा घ्यायला सांगितलं आणि इंधनाच्या दृष्टीने हे चालेल ना, असं विचारलं. विमानात इंधन जवळजवळ उरलेलं नसताना सहवैमानिकाने चालेल असं वाटतं, अशा अर्थाचं उत्तर दिलं आणि वर आभार मानले. थोड्याच वेळात विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 पैकी 73 माणसं गेली. इंधनाची आणीबाणी स्पष्ट शब्दांत कळवली गेली नाही, हे चौकशीत अपघाताचं एक कारण म्हणून नोंदवलं गेलं. ‘नाही, आम्हाला हा फेरा परवडणार नाही’ एवढं एक वाक्य वेळेवर यायला हवं होतं.

आपली मुलं विमान चालवत नसतील, प्रेस मशीन चालवतात. गार्ड काढलेल्या मशीनवर हात घालायला सुपरवायझरने इंग्रजीत किंवा हिंदीत सांगितलं, की ‘धिस इज नॉट सेफ, आय वोन्ट रन इट’ हे वाक्य बोटं वाचवतं. ते वाक्य जिभेवर तयार नसेल तर ‘ओके सर’ निघून जातं. तुटलेलं बोट बारा काळ आले म्हणून परत येत नाही.

कायद्याकडेही पाहा. 1872 चा भारतीय करार कायदा सांगतो की दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. इंग्रजी बाँडवर ‘येस सर’ म्हणून सही करणारा मुलगा आणि तो बाँड पुढे करणारा अधिकारी यांना एकच गोष्ट एकाच अर्थाने कळलेली असते का, हे तुम्हीच सांगा. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तास करायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर न्यायला मान्यता दिली. अट कोणती? कामगाराची लेखी संमती. कामगाराच्या बाजूने ठेवलेला मोठा आधार या अटीवर उभा आहे. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या संमतीला किंमत शून्य. पुढच्या काळात एमआयडीसीच्या गेटवर संमतीचे छापील अर्ज पुढे केले जातील तेव्हा तुमचे विद्यार्थी काय करतील, हे मला आजच दिसतं. ते सही करतील आणि ‘थँक यू सर’ म्हणतील.

तुमचा बचाव मला तोंडपाठ आहे. पालकांना तेच हवं असतं. कंपन्यांना होयबाच लागतात. नकार देणाऱ्याला नोकरी कोण देणार? पालकांना मुलगा सुखरूप आणि सुस्थितीत हवा असतो. त्याचा रस्ता कोणता ते तज्ज्ञ म्हणून तुम्ही सांगायचं, त्यासाठीच ते तुमच्याकडे येतात. कंपन्यांचं म्हणाल तर कामचुकारपणा आणि नकार यांत फरक न करणारा व्यवस्थापक फार दिवस टिकत नाही. शुक्रवारी होणार नसलेलं काम मंगळवारीच ‘फ्रायडे इज नॉट पॉसिबल, मंडे आय कॅन गिव्ह इट’ असं सांगणारा माणूस व्यवस्थापकाला हवा असतो, कारण त्याच्या भरवशावर पुढच्या गिऱ्हाइकाला तारीख देता येते. आणि समजा, एखादी कंपनी फक्त मुंडी हलवणारेच घेते. मग त्या कंपनीत मुलाने जावं की नाही हे त्याला ठरवू द्या. ठरवायचं तर आधी त्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

मुलींच्या बाबतीत तर तुमची चूक मला अक्षम्य वाटते. श्रीगोंद्याची, राहुरीची मुलगी पुण्याच्या कंपनीत जाते. टीमची पार्टी, उशिरापर्यंत थांबण्याचा आग्रह, वरिष्ठाचं नको तेवढं जवळ येऊन बोलणं, रात्री अकराला येणारे मेसेज. या सगळ्याचं माध्यम इंग्रजी असतं, कारण त्या ऑफिसचा रोजचा व्यवहारच इंग्रजीत चालतो. ‘आय अ‍ॅम नॉट कम्फर्टेबल विथ धिस’ आणि ‘प्लीज डोन्ट मेसेज मी आफ्टर वर्क’ ही दोन वाक्यं तिच्या जिभेवर हवीत, न अडखळता, न लाजता. तुम्ही तिला ‘नेव्हर से नो, बी पॉझिटिव्ह’ हे वाक्य फळ्यावर लिहून दिलंत. एखाद्या मुलीला अंगावर आलेला अन्याय सोसायला शिकवण्याचे पैसे आजवर कुणी मागितले नव्हते. ते तुम्ही घेतलेत.

आणि हे कुठे घडतंय? ज्या नगर शहराने इंग्रजीचा याहून वेगळा उपयोग पाहिला, तिथे. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई 1839 मध्ये नगरला आल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. मुलींना शिकवणं हे त्यांचं काम. त्यांच्या संस्थेत अध्यापनाचे धडे घेतले ते सावित्रीबाई फुल्यांनी, आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली. अंगावर शेण आलं तरी त्या शाळेची वाट सोडायला सावित्रीबाईंनी नकार दिला. याच शहराच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट 1942 मध्ये ‘भारत छोडो’ म्हणणारे नेहरू, पटेल, आझाद आणून बंद केले गेले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्याच किल्ल्यात लिहिलं, तेही इंग्रजीत. सत्तेला नकार दिला म्हणून कैदेत आलेली माणसं त्या सत्तेच्याच भाषेत आपला देश मांडत होती. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंचं नाव आता जिल्ह्याला लाभलं आहे. राघोबादादा फौज घेऊन चालून आले तेव्हा त्या बाईने राज्य सोपवायला साफ नकार दिला होता. ज्या मातीत नकाराची एवढी मोठी परंपरा आहे, तिथे तुम्ही इंग्रजीच्या नावाखाली शरणागतीचे धडे देता आणि त्याला व्यक्तिमत्त्व विकास म्हणता.

मी तुमचे क्लास बंद करा असं म्हणत नाही. गावाकडच्या मुलाला इंग्रजी लागते आणि ती शिकवणारा माणूसही लागतो. मागणी तीन गोष्टींची आहे.

एक: तीसपैकी किमान पाच दिवस नकाराला द्या. शंका दाखवणं, वेळ मागणं, अट घालणं, सौम्य नकार, ठाम नकार, अशा क्रमाने. प्रत्येक मुलाला उभं करून मोठ्याने बोलायला लावा. मराठीत तो हेच कसं म्हणेल ते आधी विचारा, मग इंग्रजीत आणा.

दोन: सरावाच्या मुलाखतीत निदान एक प्रश्न असा ठेवा ज्याचं योग्य उत्तर ‘नाही’ आहे. मूळ सर्टिफिकेटं जमा कराल का? कोऱ्या कागदावर सही कराल का? या प्रश्नाला ‘येस सर’ म्हणणाऱ्याला प्रमाणपत्र देऊ नका, मग त्याचा उच्चार कितीही फाकडू असो.

तीन: ‘नेव्हर से नो’ ही पाटी भिंतीवर असेल तर आजच उतरवा.

आणि पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. कांदा विकून, दूध घालून, ऊसतोडीची उचल घेऊन तुम्ही ही फी भरता. भरण्याआधी क्लासच्या सरांना समोर बसवून एकच प्रश्न विचारा: माझ्या पोराला, माझ्या पोरीला इंग्रजीत नाही म्हणायला शिकवणार का, आणि कोणत्या दिवशी? दिवस सांगितला तरच पावती घ्या. नाहीतर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या क्लासकडे चला. नकार द्यायची सुरुवात तिथूनच करा.

आपला,
याच जिल्ह्यातला एक इंग्रजीचा मास्तर